मंगळवारी निघा : सेवाग्राम, ताडोबा, मार्कंडा अन् पवनीची सहा दिवसांची फेरी

दर हिवाळ्यात पुण्याकडून नाहीतर ठाण्याकडून कोणा ना कोणा नातेवाइकाचा फोन येतोच. "शनिवार-रविवार काढलाय, वाघ दिसेल ना?" माझं उत्तर आता पाठ झालंय. दोन दिवस नको, सहा काढ. अन् शनिवारी नको, मंगळवारी निघ.

मंगळवारच का, तर ताडोब्याचा गाभा म्हणजे कोअर भाग मंगळवारी बंद असतो. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय सोमवारी बंद. शनिवार-रविवारी सफारीचा दर चढा आणि गर्दी दुप्पट. मंगळवारी नागपूर सोडलं की पहिले दोन दिवस सेवाग्राम-भद्रावतीत जातात, सफारी गुरुवारी येते, आणि रविवारी नागपुरात परत आलात तर संग्रहालय उघडं सापडतं. हे गणित जमवायला मला तीन-चार पाहुणे खर्ची घालावे लागले.

दुसरी गोष्ट दुपारची. सफारी सकाळी आणि दुपारनंतर असते. मधल्या चार-पाच तासांत पाहुणे खोलीत पंख्याखाली पडून राहतात आणि घरी जाऊन सांगतात, "तिकडे वाघ सोडून काहीच नाही." म्हणून ही फेरी आखताना दुपारी सावलीत बघायच्या जागा वेगळ्या काढल्या आहेत : लेणी, संग्रहालय, मातीच्या कुट्या.

आधी महिना, मग टापू

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो. ऑक्टोबरात गवत माणसाएवढं उभं, जंगल हिरवंगार, पण प्राणी दिसायला अवघड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कुटुंबासाठी सोयीचा काळ. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता सगळ्यात जास्त, पण चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि उघड्या जिप्सीत ती हवा तोंडावर भाजते. लहान मुलं किंवा बीपीवाले आजोबा सोबत असतील तर वाघाच्या मोहाला बळी पडू नका.

दोन तारखा टाळा. चैत्र पौर्णिमेच्या आसपास चंद्रपूरला महाकालीची यात्रा असते, तेव्हा शहरात खोली मिळणं मुश्कील. महाशिवरात्रीला मार्कंड्याला जत्रा भरते. जत्राच बघायची असेल तर जरूर या, देवळावरची शिल्पं निवांत बघायची असतील तर नको.

आता टापू. विदर्भात ११ जिल्हे आहेत, आणि बाहेरच्या माणसाच्या डोक्यात ते सगळे एकमेकांना खेटून असतात. लोणार बुलढाण्यात, मेळघाट अमरावतीत, नागझिरा गोंदिया-भंडाऱ्याकडे, ताडोबा चंद्रपुरात. लोणार आणि ताडोबा एका फेरीत घातलं की एक अख्खा दिवस गाडीतच जातो. लोणारला सिंदखेडराजा जोडा, मेळघाटाला गाविलगड आणि चिखलदरा जोडा, ती वेगळी सुट्टी. ही फेरी वर्धा-चंद्रपूर-गडचिरोलीची.

या टापूची एक सोय फार कमी लोकांच्या ध्यानात येते. नागपूर, सेवाग्राम, हिंगणघाट, वरोरा, भांदक, चंद्रपूर, बल्लारशा ही सगळी स्टेशनं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. स्वतःची गाडी नसली तरी पहिला अर्धा भाग रेल्वेने होतो आणि चंद्रपूरहून पुढे टॅक्सी करता येते. मात्र सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, भांदकला तर थोड्याच. थांबा बघून तिकीट काढा.

सफारीचं बुकिंग : इथे चुकलात की सगळं चुकलं

खोली, गाडी, रजा या सगळ्यांच्या आधी सफारी बुक करा आणि बाकीचं तिच्याभोवती बसवा. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. तिथे तारीख, वेळ आणि गेट निवडायचं असतं. खासगी गाडी आत सोडत नाहीत. जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाईड. नावं ओळखपत्राप्रमाणेच भरा आणि नोंदवलेलंच ओळखपत्र मूळ प्रतीसकट न्या, गेटवर ते तपासतात. प्रवेश, जिप्सी आणि गाईड यांपैकी काय आधी भरलं आणि काय तिथे द्यायचं, हे पावतीवर नीट वाचून ठेवा.

गेटचं नाव दोनदा वाचा. माझ्या मामेभावाने खोली मोहर्लीत घेतली आणि सफारी बुक केली कोलाऱ्याची. नकाशावर दोन्ही ताडोब्यातच दिसतात, पण मध्ये अख्खं जंगल आहे आणि ते आडवं ओलांडून जाता येत नाही. बाहेरून वळसा घालून दोन तासांवर वेळ लागतो. पहाटे साडेतीनला डिसेंबरच्या थंडीत तिघं पोरांना रजईसकट गाडीत घालून बिचारा निघाला. पोचला तेव्हा जिप्स्या आत गेलेल्या. वहिनी त्याच्याशी चंद्रपूरपर्यंत बोलली नाही. चंद्रपूर-भद्रावतीकडून येणाऱ्यांसाठी मोहर्ली सोयीचं. नागपूरहून चिमूरमार्गे थेट येणाऱ्यांसाठी कोलारा किंवा नवेगाव.

दोन सफारी घ्या, तिसरीचा हट्ट नको. एक कोअरची सकाळची आणि एक बफरची, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातली. आगरझरी, देवाडा, जुनोना ही मोहर्लीच्या बाजूची बफर गेटं. "बफर म्हणजे दुय्यम" हा समज डोक्यातून काढा. वाघाला सीमारेषा कोणी समजावून सांगितलेली नाही.

पहिला दिवस : पवनार आणि सेवाग्राम

नागपूर ते वर्धा साधारण ७५ किलोमीटर. वर्ध्याच्या अलीकडेच धाम नदीच्या काठी पवनार लागतं. विनोबा १९३८ साली इथे आले. आश्रमासाठी जमीन खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्यातली भरत-रामाच्या भेटीची मूर्ती विनोबांच्या फार जिव्हाळ्याची. ती आश्रमात आहे. १९५९ साली त्यांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तासाभरात पाहून होतं, पण नदीकाठच्या पायऱ्यांवर बसलात तर दोन तास कुठे गेले कळत नाही.

दुपारी वर्ध्यातलं मगन संग्रहालय. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं हे ग्रामोद्योगाचं संग्रहालय आहे. निरनिराळ्या तऱ्हेचे चरखे इथे एकत्र बघायला मिळतात, आणि चरखा हे एक यंत्र आहे, त्यात सुधारणा होत गेल्या, हे तिथेच पहिल्यांदा जाणवतं. निघताना गोरसपाक घ्या. वर्ध्याची ती खूण आहे. सहा दिवस टिकतो, पण टिकू देत नाहीत.

ऊन उतरलं की सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्यातल्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० साली सेवाग्राम झालं. शाळेच्या सहलीत आपण बापूकुटी दहा मिनिटांत उरकतो. या वेळी तसं करू नका. चप्पल बाहेर काढा आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसा. ही कुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभारली होती. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा त्यांच्या हातचा. आश्रमाच्या आवारातच टेलिफोनची पेटी दिसेल, व्हाइसरॉयला थेट बोलता यावं म्हणून बसवलेली. आणि मुलांना सगळ्यात आवडणारी वस्तू : साप धरायचा लांब लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप न मारता धरून दूर सोडायची इथे रीत होती. माझी भाची त्या चिमट्यापाशी अर्धा तास उभी होती. तिला गांधीजी त्या दिवशी कळले, पुस्तकातल्या धड्याने नाही.

आश्रमासमोरच यात्री निवास आहे. साधं राहणं, साधं जेवण. मुक्काम तिथेच करा, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना चुकत नाही. ती उघड्यावर, पिंपळाजवळ होते.

दुसरा दिवस : आनंदवन, विजासन, मोहर्ली

सकाळी हिंगणघाटमार्गे वरोरा. बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी १९४९ साली वसवलेलं आनंदवन गावाला लागूनच आहे. हे प्रेक्षणीय स्थळ नाही, लोकांचं राहतं घर आहे. आधी चौकशी करून जा आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तिथल्या हातमागाच्या सतरंज्या खरेदी करण्यासारख्या.

भर दुपारी भद्रावती. जुनं नाव भांदक, स्टेशनवर अजून तेच. गावाबाहेरच्या टेकडीत विजासनची बौद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरूळ पाहून आलेला माणूस बाहेरून बघतो आणि हिरमुसतो, कारण दर्शनी कोरीवकाम फारसं नाही. आत शिरा. टेकडीच्या पोटात एक लांब बोळ सरळ खोदत नेला आहे आणि डाव्या-उजव्या बाजूला तसेच आणखी. बाहेर ऊन रणरणत असतं, आणि दहा पावलांत खडकाचा गारवा अंगाला लागतो. शेवटी अंधारात बसलेली बुद्धमूर्ती आधी दिसतच नाही. डोळे सरावले की हळूहळू खांदे उमटतात, मग चेहरा. बॅटरी न्या, पण आत शिरताक्षणी लावू नका. मिनिटभर थांबा. वटवाघळांचा वास येईल, त्याला इलाज नाही.

भद्रावतीत भद्रनागाचं देऊळ आणि पार्श्वनाथाचं मोठं जैन मंदिर आहे. डोलारा तलावात बेटापर्यंत नेणारा जुना दगडी पूल आहे, तो सहसा कोणी बघत नाही. तुम्ही बघा.

दिवस मावळायच्या आत मोहर्ली गाठा. हे मी काळजीपोटी सांगतोय. रस्त्यावर रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात, आणि या भागात माणूस-वाघ संघर्ष ही बातमी नाही, रोजचं जगणं आहे. मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला गेलेली माणसं इथे जीव गमावतात. त्यामुळे फोटोसाठी किंवा लघवीसाठी जंगलाच्या रस्त्यावर गाडीतून उतरायचं नाही, आणि पहाटे "जरा फिरून येतो" म्हणून गावाबाहेर जायचं नाही. गावकरी थांबवत असेल तर ऐका.

तिसरा दिवस : जंगल

वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, पण गेटवर अर्धा तास आधी हजर राहा. थंडीत कानटोपी, मफलर, हातमोजे आणि वरून एक जाड शाल. उघड्या गाडीत पहाटेचा वारा हाडात शिरतो. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळा. मळकट हिरवे, खाकी, मातकट कपडे घाला, सेंट नको. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून फोटो हवे असतील तर कॅमेरा आणा. तीन-चार तास फोनशिवाय जातात, आणि पोरं झाडांकडे बघायला लागतात.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. नाव आलं तारू या गोंड वीरावरून. वाघाशी झुंजताना तो पडला अशी आख्यायिका आहे. तलावाकाठी त्याचं देवस्थान आहे. मोहर्लीहून आत जाताना रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळात त्यांवरून दोर ताणून घंटेने निरोप पोचवत, असं सांगतात. वाघ शोधण्याच्या नादात ते नव्वद टक्के लोकांच्या नजरेतून सुटतात. तलावात मगरी आहेत, काठावर ओंडक्यासारख्या पडलेल्या.

गाईडला गाडी पळवायला लावू नका. त्याचं काम कानाचं आहे. एकदा आमच्या गाईडने चालकाच्या खांद्याला नुसतं बोट लावलं. इंजिन बंद. आम्हाला काहीच ऐकू येईना. "थांबा जी, वांदर खाकरून राहिला," तो पुटपुटला. मग आम्हालाही ऐकू आलं, उंच सागावरून कोरडं खॅक-खॅक. मागून चितळाची हाक. चितळ एखादवेळी उगाच घाबरतं, पण सांबर बोललं की वाघ नक्की, असं तो म्हणाला. आम्ही वीस मिनिटं बसलो. सांबर काही बोललं नाही. वाघ दिसला नाही. पण धुळीत उमटलेला पंजा दिसला, त्यावरून गेलेली किड्याची बारीक रेघही दिसली, आणि गाईडने त्यावरून सांगितलं की वाघ रात्रीच गेला, आत्ता नाही. माझ्या दहा-बारा सफारींत लख्ख आठवणारी हीच आहे.

वाघाशिवाय काय बघाल? अस्वल, रानगवा, रानकुत्र्यांची टोळी नशिबात असली तर. कुलूचं पांढरंफटक खोड, ज्याला गाईड भुताचं झाड म्हणतात. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल. मे-जूनमध्ये नवरंग पक्षी.

दुपारी जेवून झोपा. हो, एवढी एक दुपार झोपेची. जेवणात वांग्याचं भरीत, भाकर आणि सांबारवडी मागा. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मुंबईच्या पाहुण्याला दरवेळी सांगावं लागतं. दुपारनंतर बफर सफारी, नाहीतर इरई धरणाच्या पाण्यावर पक्षी.

चौथा दिवस : चंद्रपूर

अर्ध्या-पाऊण तासाची वाट. शहराभोवती गोंड राजांचा परकोट अजून उभा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, ते गोंड राज्याचं चिन्ह. गोष्ट अशी सांगतात की खांडक्या बल्लाळशाहाच्या कुत्र्यामागे एक ससा लागला, आणि तो ज्या वाटेने फिरला त्या वाटेवर कोट बांधला. पठाणपुऱ्याजवळ कोटावर चढून चाला, सकाळीच.

दुपारी अंचलेश्वराचं देऊळ आणि शेजारची गोंड राजांची समाधीस्थळं. राणी हिराईने पती बीरशाहाची समाधी बांधली, तिच्या घुमटाखाली भर दुपारीही गार असतं. महाकालीचं देऊळ तिथून जवळ. लालपेठेत उघड्यावर अवाढव्य अखंड मूर्ती पडल्या आहेत, अर्धवट राहिलेल्या मंदिरासाठी कोरलेल्या. दहा तोंडांची देवी त्यात आहे. लोक तिला रावण समजून नमस्कार न करताच पुढे जात. शहरात धूळ आहे, कोळशाचे ट्रक आहेत. रात्रीचा मुक्काम इथेच, गाडीत पेट्रोल आणि खिशात रोख पैसे इथूनच भरून घ्या. पुढे रेंज जाते-येते.

पाचवा दिवस : मार्कंडा

मूलमार्गे निघा. मूल सोडलं की भाताचा मुलूख सुरू होतो. बांध्या, मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव), बगळे. मार्कंडादेव गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. नदी इथे उत्तरेकडे वळते, म्हणून ते तीर्थ. लोक "विदर्भाचं खजुराहो" म्हणतात. मला ही उपमा पटत नाही. खजुराहोत तुम्ही हिरवळीवरून फिरता, इथे नदीची वाळू, घाटावर धुणं आणि मध्येच एक म्हातारी देवाला पाणी घालायला आलेली. मुख्य मार्कंडेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवर मूर्तींचे थर आहेत. एक बाजू धरा आणि सावकाश फिरा. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं, माध्यान्ही सपाट होतं. जीर्णोद्धाराचं काम चालू असेल तर परांची आणि बांबू बघायची तयारी ठेवा.

मुक्काम गडचिरोलीत. नोव्हेंबर-फेब्रुवारीत आलात तर हॉटेलवाल्याला एवढंच विचारा, "आज कुठे नाटक आहे?" झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्याची नाटकं गावोगावच्या मंडईत (इथे मंडई म्हणजे जत्रा) आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने रात्रभर चालतात, वडसा हे त्यांचं ठाणं. प्रेक्षक शेतातून उठून येतात, अंगावर घोंगडं घेऊन बसतात. जायचं तर स्थानिक माणूस सोबत घेऊन, त्याच्याच गाडीने. दुसऱ्या दिवशी उशिरा उठायची मुभा द्या.

सहावा दिवस : पवनीवरून घरी

आरमोरी, ब्रह्मपुरी, लाखांदूर करत पवनी. एवढ्या लहान गावाला एवढा मोठा तट का, हा प्रश्न पडेल. उत्तर जमिनीखाली आहे. १९६९-७० मध्ये इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं आणि प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्पही पवनीचंच. आज टेकडीवर बघायला थोडंच आहे, त्यामुळे आधी वाचून जा, नाहीतर निव्वळ उंचवटा दिसेल. वैनगंगेचे घाट मात्र न वाचताही बघावेत.

सहाव्या दिवशी अंगात ताकद आणि खिशात पैसे उरलेच असतील तर जवळच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, "जय" वाघामुळे गाजलेलं. तो २०१६ पासून दिसला नाही. पण त्यासाठी बुकिंग मागेच करून ठेवलेलं हवं. आणि खरं सांगायचं तर मी पाहुण्यांना ते न घेता भिवापूर-उमरेडवरून सरळ नागपूरला पाठवतो, मध्यवर्ती संग्रहालय बंद व्हायच्या आत. १८६३ सालचं, नागपूरकरांचा अजब बंगला. सेवाग्रामपासून पवनीपर्यंत जे पाहिलं त्याचे दगड, ताम्रपट आणि गोंडांची हत्यारं तिथे एका छताखाली आहेत, आणि पहिल्या दिवशी गेला असतात तर काचेपलीकडचे नुसते तुकडे दिसले असते. गाडीची वेळ रात्रीची घ्या. मुक्काम केलात तर सोमवारी सकाळी तर्री पोहे, आणि तर्री वरून थोडी जास्त मागा.